कानात सांगायचं नाव

"मंगेशला लेकरू झालं आन ते हातातून निसटायलंय असं वाटलं, तर बारशाची वाट बघू नको, त्रिवेणी. तू आत्या. वाक आन कानात म्हण, सलीम."

आईला जाऊन वर्ष झालं होतं. परभणीच्या दवाखान्यात, काचेच्या दाराबाहेरच्या बाकावर त्रिवेणीला ती आत्ताच बोलल्यासारखी ऐकू आली. जाण्याआधी आई हे बोलली, तेव्हा तिनं तिच्या हातावर हात ठेवून 'हो' म्हटलं होतं. दाराच्या आत, पेटीत, तिच्या भावाचं परवाच जन्मलेलं लेकरू होतं. आता औषधाच्या हातात काही राहिलं नाही, असं डॉक्टर सांगून गेले होते.

"ते नाव न्हाई," तिच्या मनातलं ओळखून शेजारी बसलेला भाऊ, मंगेश, म्हणाला.

"तुला तेच ठेवलं होतं. माझ्या पाठची लेकरं एकेक करून मातीत गेली. तुला आईनं दर्ग्यात नेलं, मुजावरानं नाव दिलं, आन तू राहिलास."

"चौथीत नाव बदलेपर्यंत सल्या सल्या म्हणून पोरांनी जीव खाल्ला माझा."

"खायला जीव होता म्हणून खाल्ला."

त्रिवेणीचा आवाज कधीच चढत नसे. आताही चढला नाही.

"सलीम म्हणजे सहीसलामत. तिकडं अरबस्तानात साप चावलेल्या माणसाला सलीम म्हणायचे. इख अंगात असायचं, तरी म्हणायचे. आपल्यात लेकरू जगावं म्हणून दगडू-धोंडू ठेवत्यात, तसंच."

"कळतंय गं, ताई. पण हे जगलं, तर ह्या नावानं लोक त्याला जगू देतील का? मोबाईलवर बघतीस ना, काय चाललंय?"

"आधी जगू दे."

दार उघडलं. "बाळाचं कोण आहे? एकानंच या. लवकर."

मंगेश उठला आणि तसाच खाली बसला. त्रिवेणीनं चपला बाकाखाली सारल्या. नर्सनं तिच्या गळ्याकडं बोट दाखवलं. त्रिवेणीनं नकारार्थी मान हलवली. गळ्यातलं इष्टलिंग, लिंगायतांच्या रीतीप्रमाणं, ती झोपेतही उतरवत नसे. ते तिनं नर्सनं दिलेल्या हिरव्या झग्याच्या आत घेतलं आणि कोपरापर्यंत हात धुतले.

"ताई," मंगेशचा आवाज मागून आला. "हळू म्हण. बाहेर ऐकू यायला नको."

धुतलेले हात कशाला लागू नयेत म्हणून तिनं ते छातीसमोर उघडे धरले, आणि खांद्यानं दार ढकललं.