आतली शिवण
“उलटं करून दाखव.” बाहुलीसाठी शिवलेलं पहिलं झबलं तिनं हौसेनं आणल्यावर शिंपी असलेले बाबा म्हणाले होते. आतली शिवण बोटानं चाचपून एवढंच बोलले, “चालेल.” ‘छान’ ऐकण्याची ती वाटच बघत राहिली. आता ती वर्गणीवर चालणाऱ्या वेबसाइट्स बांधते. लॉगिन, वसुली, पावत्या दरवेळी नव्यानं लिहिण्यापेक्षा तिनं कोडचा तयार साचा बनवून सगळ्यांसाठी खुला ठेवला. “फुकट?” बाबा चपापले. “हो. आतलं सगळं उघडं. कुणीही उलटून बघावं.” आज अनोळखी ग्रंथपालबाईंचा निरोप तिनं वाचून दाखवला: “तुमच्या साच्यावर वाचनालयाची वेबसाइट उभारली. आतून इतकं नेटकं काम पहिल्यांदाच पाहिलं.” मग तिनं साच्याचा कोड उघडला. बाबांचं बोट पडद्यावरच्या ओळींवरून सावकाश फिरलं. “मला ओ की ठो कळत नाही. पण बाई उलटून बघून बोलल्यात.” मग म्हणाले, “ते झबलंही छान होतं, पोरी.”