छातीवरचा हात

सोनपेठच्या बसम्मांच्या खुब्याची शस्त्रक्रिया उत्तम झाली होती, जखम कोरडी होती आणि ताप नव्हता. तरीही सलाईन काढल्यानंतर दोन दिवसांत त्यांना स्वतःचा मुलगा ओळखू येईना. पाजलेले पाणी त्या थुंकून टाकत आणि छातीवर सतत काहीतरी चाचपत. वृद्धांना शस्त्रक्रियेनंतर असा भ्रम होतो, असे डॉक्टरांनी समजावले. बसम्मांनी लघवीची नळी ओढू नये म्हणून त्यांचे हात खाटेला बांधण्यात आले.

"आत्याबाई, घोटभर तरी घ्या की," सून शिवकन्या विनवायची.

"चोर हाईस तू! माझं दे आदी!"

"बघा साब, घरच्या सुनेला चोर म्हणायलीय," मुलगा राजेश्वर डॉक्टरांना म्हणाला.

बसम्मा गेल्या त्याच दुपारी रक्ताचा अहवाल आला. शरीरातले पाणी घातक प्रमाणात घटले होते.

"भ्रम झाल्यावरच त्या पाणी थुंकू लागल्या ना?" डॉक्टरांनी विचारले.

"न्हाई साब, त्याच्या आदीपासनं," राजेश्वर म्हणाला. " चांगली शुद्धीत व्हती. आमी लिंगायत; म्हणली, गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा केल्याबिगर मी पाणी घेत न्हाई. आमीच म्हणलो, दवाखान्यात कुठं पूजा करतीस, घरी गेल्यावर कर. ऑपरेशनच्या टायमाला तिच्या गळ्यातनं काढलेलं लिंग अजून शिवकन्येच्या पर्समधीच हाय."



क्रम असा होता: आधी तहान, मग भ्रम, मग मृत्यू.