लांबचं कॉलेज

"या कॉलेजात जायचं नाही," ओटिलियाने चकचकीत पुस्तिका टेबलावर आपटली. "पानामागून पान उलटलं, नुसती कुत्री. तीही न्हाऊमाखू घातलेली. हे डॉक्टर घडवतात की न्हावी?"

नात ब्रिन खो खो हसली. लेक मार्लीस सूप वाढत होती, ती हसली नाही.

"आई, ते पाच तासांवर आहे. शनिवार-रविवार घरी येता येईल."

"घरी येऊन काय करायचंय? माझं तोंड बघायचंय?" ओटिलियाने दुसरी पुस्तिका पुढे ओढली. आठवीत शाळा सुटलेली, वाचायचा तिला कंटाळा. चित्रं मात्र बरोबर कळत. इथे पहिल्याच पानावर कुणीतरी गाईच्या मागे खांद्यापर्यंत हात घालून उभं होतं. "हे बघ. याला म्हणतात जनावरांचं कॉलेज."

"ते दोन दिवसांच्या रस्त्यावर आहे. वासरांच्या हंगामातही येता येणार नाही."

"नाही तर नाही. गाईंसाठी कुणी घरी थांबायचं नाही."

मार्लीसच्या हातातला डाव पातेल्यावरच थांबला. "हे तू बोलतेस, आई?"

ओटिलियाने उगाच पुस्तिकेचं पान उलटलं. मार्लीस अठराची होती तेव्हा तिनेही जनावरांचं डॉक्टर व्हायचा हट्ट धरला होता. त्या हिवाळ्यात बापाने अंथरूण धरलं, आणि ओटिलिया म्हणाली होती, "तू गेलीस तर या गाई कुणी बघायच्या?" पोरगी एक शब्द बोलली नाही. बॅग माळ्यावर टाकून गोठ्यात गेली. भांडली असती तर बरं झालं असतं. ते न भांडणं ओटिलियाला अजून टोचत होतं. पण माफी मागायची त्या घरात रीतच नव्हती. निदान नातीचं तरी तसं होऊ द्यायचं नाही, हे तिने केव्हाच ठरवलं होतं.

मार्लीसनेही कमी खस्ता काढल्या नव्हत्या. ब्रिन शहरातल्या कॉलेजला जायला लागली, तेव्हा डकोटाच्या बर्फात पोरीला एकटी कशी सोडायची म्हणून ही रोज तिच्यासोबत गाडी घेऊन जायची आणि दिवसभर तिथेच थांबायची. जेवणं झाली की दोघी एकाच पुस्तकात डोकी खुपसून हाडांची नावं घोकायच्या. ते बघून ओटिलियाला भरून येई. मग ती भांडी जोरात आपटी.

"आजी, नक्की ना?" ब्रिनने विचारलं. "नंतर फिरायचं नाही हं. शब्द दे."

"दिला! चार वर्षं इथे कुणाचं काही अडत नाही. शिकायचं हेच तर वय असतं."

मार्लीसने आपल्या भेगाळलेल्या हातांकडे पाहिलं. "आणि तिथे नाहीच जमलं तर?"

"का नाही जमणार? माझंच रक्त आहे." मग ओटिलियाचा आवाज उतरला. "पोरीला जाऊ दे गं, मार्लीस. अडवलं की माणूस घरात राहतं, पण बोलायचं थांबतं."

मार्लीस सिंककडे गेली. बराच वेळ नळ नुसताच वाहत राहिला.

"आणि तू तोंड पाडू नकोस," ओटिलिया तिच्या पाठीला म्हणाली. "आपण दोघी आहोत की. पत्ते खेळू."

ऑगस्टमध्ये निघायचा दिवस आला. ओटिलियाने पहाटेच उठून आलुबुखार घालून कुखन केक भाजला आणि गरम गरम डबा घेऊन अंगणात आली. गाडी भरून तयार होती. मार्लीस स्टिअरिंगमागे बसली होती, डोळे सुजलेले. पोरीला सोडून येईपर्यंत ही रडूनच मरायची, असं मनात म्हणत ओटिलिया पलीकडच्या दाराशी गेली. त्या सीटवर पुस्तकं आणि उशा ठासून भरल्या होत्या.

"अगं, आणि पोर कुठे बसणार? टपावर?"

मार्लीसने काच खाली केली आणि गोठ्याकडे पाहिलं.

ब्रिन गोठ्याकडून धावत आली. तिने आजीच्या हातातला डबा आत उशांवर ठेवला, दार लावलं आणि आजीच्या खांद्यावर हात टाकला.

"गाईंची काळजी करू नकोस," ती गाडीत डोकावून म्हणाली. "पोहोचलीस की फोन कर, आई!"