शाळेची तुळई
चंपतराव, त्यांचे पुत्र यशवंतराव, त्यांचे पुत्र भगवंतराव, तिघेही ज्या सागवानी तुळईखाली निजले, तिच्याकडे भगवंतरावांच्या सूनबाई देवकाबाई थकल्या नजरेने पाहत होत्या. घर जळाले त्या साली चंपतरावांनी ती शाळेच्या दुसऱ्या खोलीवरून उतरवून आणली. परत देणे राहूनच गेले. शाळेतली मुले तेव्हापासून एकाच खोलीत दाटीने बसत. जिल्ह्याचे तुकडे झाल्यावर शाळा पाहायला आलेला तेलुगू अधिकारी म्हणाला, “अम्मा, नव्या खोलीला कायद्याने पैसा नाही. जुन्या खोलीला छप्पर असते, तर दुरुस्तीत बसवली असती.” देवकाबाईंनी मुलाला हाक मारली. “बाबाराव, तुळई उतरव.” “माय, घर पडंल ना!” “पडू दे. मी गोठ्यात निजीन. ती आपली होती कवा?” चौथ्या दिवशी शाळेवर तुळई चढली, घराच्या छपराचे कवेलूही चढले. अधिकाऱ्याने वर पाहून लिहिले, ‘दुरुस्ती मंजूर’. देवकाबाईंनी पदराने कपाळ पुसले आणि गेलेल्या सासऱ्यांना म्हणाल्या, “मामाजी, पोचती केली.”