उरलेला शब्द

लकवा मारला आणि पेंटरबाबांच्या जिभेवर एकच शब्द उरला, ‘खल्लास’. गॅरेजात गाड्या रंगवायचे तेव्हाचा. त्या काळी त्यांच्या टोळक्यात काम आटोपलं की खल्लास, कुणाची नोकरी गेली की खल्लास, आणि एखादी गोष्ट जीव ओवाळून टाकावा इतकी आवडली तरी खल्लासच. लग्नाआधी बायकोला पहिल्यांदा पाहून ते मित्राच्या कानात हेच पुटपुटले होते, आणि तिने ते नेमकं ऐकलं होतं.

त्यामुळे तिला नुसत्या सुरावरून उमगायचं. "कळलं हो, भाजी फक्कड झालीय. वाढते आणखी," म्हणत ती ताटात डाव रिकामा करायची.

ती गेली, आणि मुलाने बाबांना आपल्या घरी आणलं. सून मायाळू होती, पण तिच्या लेखी खल्लास म्हणजे संपलं, एवढंच. बाबा जेवेनात, म्हणून आज तिने सासूची भाजी आठवून आठवून केली आणि पहिला घास भरवला. हुबेहूब तीच चव! बाबांचे डोळे भरून आले.

"खल्लास!" ते म्हणाले.

"एका घासातच झालं?" सून हिरमुसली. तिने ताट उचललं. बाबांनी ताटाकडे नेलेला हात तिने ओल्या फडक्याने हळुवार पुसला. ती वळली, तसे बाबा सगळा जीव गोळा करून ओरडले, "खल्लास!"



"हो बाबा, कळलं," ती स्वयंपाकघरातून म्हणाली. "परत नाही करणार ही भाजी."