एक लाख चार हजार सातशे एकोणतीस

"एक लाख चार हजार सातशे एकोणतीस," सर्व्हे कंपनीचे किरण साहेब माइकमध्ये तिसऱ्यांदा म्हणाले. "जानेवारीतल्या तीन दिवसांत तुमच्या मैदानावर एवढेच बोंबील वाळत होते. एकाचाही फरक नाही. मी स्वतः उभा राहून मोजून घेतलेत."

खारदांड्याच्या समाजमंदिरात सगळा कोळीवाडा जमला होता. बोंबील कमी झाले, तेव्हा सुकवायचं निम्मं मैदान आता पार्किंगला द्यायचं, असा त्या आकड्याचा अर्थ होता. सरूबाईच्या चार वलांड्या नेमक्या त्याच निम्म्यात होत्या. बांबू उभे करून दोऱ्या ताणलेल्या त्या रांगा तिला सासूकडून मिळालेल्या. पण आकडा छापील होता, आणि छापील आकडा दिसला की शहाणी माणसंसुद्धा उगाच मान खाली घालतात.

तिच्या शेजारी नात बसली होती, दिपाली. गणितात बीएस्सी करत होती. आकडा ऐकून तिला राहवेना.

"आजी, भारी नंबर आहे गं हा. मूळ संख्या, दहा हजारावी. मला पाठच आहे."

"मंजे काय?"

"कशानंच भाग जात नाही. एकानं जातो नाहीतर त्याचा त्यालाच, बस."

"दोनानं पन नाय?"

"दोननं कसा जाईल? विषम आहे ना."

सरूबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. बाजारातून ती थेट इथंच आली होती, सुक्या मासळीची पाटी अजून बरोबर होती. ती घेऊन ती टेबलापाशी गेली.

"साहेब, तुमचा आकडा विषम हाय."

साहेबांना मौज वाटली. "मग काय झालं, मावशी? सम असो नाहीतर विषम."

"आमी बोंबील जोडीनं टांगतो. याचा जबडा त्याच्या जबड्यात. एक दोरीच्या या अंगाला, एक त्या अंगाला. विषम कसे भरतील?"

साहेबांनी कागद खालीवर पाहिला. मग त्यांना सुचलं. "एखादा कावळ्यानं नेला असेल."

मागं दोघंतिघं हसली. सरूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पाटीतून सुक्या बोंबलांची एक जोडी काढली, अजून जबड्यात जबडा अडकलेली. माइकच्या आडव्या दांडीवर ती टांगली. एक बोंबील इकडे, एक तिकडे. मग त्यातला एक तिनं ओढून काढला.

दुसरा साहेबांच्या रिपोर्टावर पडला.

"कावला एक नेतो, तवा दुसरा आपसूक खाली पडतो," ती म्हणाली. "दोरीवर एकटा कंदीच नाय ऱ्हात, साहेब. मैदानात पाय ठेवला असता, तर दिसलं असतं."