सुळका

गाणाऱ्याचा आवाज माइकमधून कॉम्प्युटरमध्ये नेणारी ती डबी टेबलावर उघडी पडली होती. धाकट्याने नोकरी सोडून, घरच्यांची बोलणी खाऊन बनवलेली, एकुलती एक. बाहेरच्या खोलीत स्टुडिओचा मालक बसला होता. पटली तर अशा शंभर घेणार होता. नाही पटली तर आजच दुसरीकडे जाणार होता.

ताईच्या लॅपटॉपवर डबीतून येणारा आवाज दाखवणारी एक रेषा होती. डबीत कसलाही आवाज सोडलेला नसताना ती सपाट हवी. पण मधेच एक सुळका उभा होता, चांगला नाक वर करून.

"पाणी मुरतंय कुठंतरी," ताई म्हणाली. ती मोठ्या कंपनीत दिवसभर अशीच यंत्रं तपासायची, त्यामुळे धाकट्याला तिचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य. "तो निळा दिवा काढ आधी. नुसता नखरा आहे."

"सोल्डर वितळवून तारा सोडवायला वेळ लागेल गं."

"वेळ आहे कुठे? काप."

त्याने तारा कापल्या. दिवा विझला. सुळका जागचा हलला नाही.

"मग हेडफोनचा भाग. तोही तोड."

तो भाग त्याने तीनदा नव्याने केला होता. त्याने ताईकडे एकदा पाहिलं आणि कटर चालवला. सुळका तिथंच.

"माझ्या लॅपटॉपवर हा नव्हता, ताई."

"तुझ्या त्या डबड्यावर दिसणार काय!"

"झालं का हो?" बाहेरून मालकाने विचारलं. "मला निघायचंय."

"झालंच!" ताई ओरडली. नीट बघायला तिने खुर्ची पुढे ओढली, तर पाय वायरीत अडकला आणि लॅपटॉपच्या चार्जरची पिन निघाली. स्क्रीन जरासा मंद झाला. सुळका गायब.

तिने पिन परत लावली. सुळका उभा राहिला. काढली. रेषा सपाट.

मोजताना चार्जर काढा, लॅपटॉप बॅटरीवर चालवा, नाहीतर चार्जरचीच घरघर मोजत बसाल, हे ती ऑफिसात नव्या पोरांना कान पिळून शिकवायची. आणि आज आल्याआल्या, ऐन वेळी बॅटरी दगा देईल म्हणून, तिनेच तो लावला होता. कुंपणच शेत खात होतं. तिला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. डबीत काही खोट नव्हती. निदान सकाळी तरी नव्हती.

बाहेर खुर्ची सरकली. पावलं दाराकडे यायला लागली.

धाकट्याचं स्क्रीनकडे लक्षच नव्हतं. तो डबीवर वाकला होता, हातात कटर उघडाच.

"सांग ना ताई, लवकर," तो म्हणाला. "आता काय कापू?"